‘लाइन ऑफ ड्यूटी’च्या सहाव्या पर्वाचा शेवट आणि तो चौथा माणूस

रातराणी
३ मे २०२१

(सूचना: या धाग्यात सहाही पर्वांतील रहस्ये उघड केली आहेत. मालिका पाहायची असेल तर कृपया इथेच थांबावे.)

काल रात्री नऊ वाजता बीबीसी वनवर ‘लाइन ऑफ ड्यूटी’च्या सहाव्या पर्वाचा सातवा आणि शेवटचा भाग दाखवला गेला, आणि आज दिवसभर माझे कशातच लक्ष लागलेले नाही. एखादी मालिका आवडली नाही तर आपण ती सोडून देतो आणि विसरून जातो. पण जिच्यावर इतकी वर्षे जीव लावला, तिने शेवटच्या तासात असे रिकाम्या हाताने परत पाठवावे याचे फार वाईट वाटते, आणि ते नीट मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही, म्हणून हा धागा काढते आहे. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. गेले काही आठवडे पुण्याहून येणाऱ्या करोनाच्या बातम्यांनी जीव टांगणीला लागलेला असताना रविवारचा हा एक तास आमच्या घरात खरोखर विसाव्याचा होता, हेही इथे सांगायला हवे.

ज्यांनी मालिका अर्धवट पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. जेड मर्क्युरिओ यांची ही मालिका २०१२ साली बीबीसी टूवर सुरू झाली, चौथ्या पर्वापासून बीबीसी वनवर आली, आणि कालच्या भागासह तिचे छत्तीस भाग झाले. पोलीस दलातील भ्रष्ट अधिकाऱ्यांना शोधून काढणारे एसी-१२ हे पथक, त्याचे प्रमुख टेड हेस्टिंग्ज आणि त्यांच्या हाताखालचे स्टीव्ह आर्नट व केट फ्लेमिंग हे तिघे कायमचे. प्रत्येक पर्वात संशयाच्या भोवऱ्यात सापडलेला एक नवा अधिकारी. या मालिकेचा खरा प्राण चौकशीच्या प्रसंगांत होता. ध्वनिमुद्रण सुरू होताना यंत्रातून निघणारा तो लांबलचक, कानात घुसणारा सूर, काचेच्या भिंतींची खोली, टेबलावरून पुढे सरकवली जाणारी कागदपत्रे, आणि आपल्यापेक्षा किमान एक पद वरच्या अधिकाऱ्यानेच आपली चौकशी करावी हा संशयिताने बजावलेला हक्क, एवढ्याच सामग्रीवर पंधरा-पंधरा मिनिटांचे प्रसंग उभे राहात. त्यांत कुणी खुर्चीवरून उठतही नसे, आणि घरात आम्ही मात्र श्वास रोखून बसलेलो असू.

आता मूळ प्रश्नाकडे येते. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीस एसी-१२मध्येच शिरलेला भ्रष्ट अधिकारी मॅथ्यू कॉटन, म्हणजे ‘डॉट’, केटचा जीव वाचवताना गोळी लागून मरतो आणि मरतामरता जबाब देतो. त्यातून पोलीस दलातील भ्रष्ट वरिष्ठाचे नाव ‘एच’पासून सुरू होते असा अर्थ काढला गेला. चौथ्या पर्वात संशय हिल्टन या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यावर गेला, पाचव्यात खुद्द हेस्टिंग्जवर. मग पाचव्या पर्वाच्या शेवटी लक्षात आले की डॉट बोटांनी मोर्स संकेत देत होता, आणि मोर्समध्ये ‘एच’ म्हणजे चार टिंबे. अर्थात एच हे आद्याक्षर नसून आतले भ्रष्ट लोक चार आहेत असे त्याला सांगायचे होते. डॉट स्वतः, हिल्टन आणि पोलिसांची कायदेशीर सल्लागार जिल बिगेलो हे तिघे झाले. चौथा कोण, या एका प्रश्नावर संपूर्ण सहावे पर्व उभे होते.

काल तो चौथा माणूस समोर आला. तुरुंगातून कडक बंदोबस्तात कैद्याला आणले जाते, कॅमेरा बराच वेळ त्याचा चेहरा टाळतो, आणि अखेर काचेच्या खोलीत येऊन बसतो तो इयन बकल्स. पहिल्या पर्वापासून अधूनमधून दिसणारा, आळशी, कामचुकार, दुसऱ्याच्या मागे लपणारा सुपरिंटेंडेंट. सुरुवातीला तो उत्तर द्यायचे नाकारतो, मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर एक छद्मी हसू येते, आणि समजते की तो कोणी सूत्रधार वगैरे नव्हताच. गुन्हेगारी टोळ्यांचे निरोप इकडून तिकडे पोचवायचे आणि पैसे घ्यायचे, एवढेच त्याचे काम.

माझी तक्रार बकल्स निघाला याबद्दल नाही, हे आधीच स्पष्ट करते. सर्वांत वरचा राक्षस शोधत गेलो आणि हाती लागला एक सुमार वकुबाचा, पैशाला चटावलेला अधिकारी, ही कल्पना मला धाडसी वाटते आणि खरीही वाटते. तक्रार अशी की ती कल्पना कथेत पेरलेली नव्हती. चांगले रहस्य उलगडते तेव्हा मागचे प्रसंग डोळ्यांपुढून पुन्हा सरकतात आणि प्रत्येकाचा अर्थ बदलतो. काल माझ्या बाबतीत एकाही मागच्या प्रसंगाचा अर्थ बदलला नाही. बकल्स कामचुकार होता, तो आता लाचखोर कामचुकार ठरला, इतकेच.

आणि पुरावा कोणता, तर स्पेलिंगची चूक! ‘डेफिनेटली’ या शब्दात जिथे ‘आय’ हवा तिथे ‘ए’. चौथ्या माणसाच्या गुप्त संदेशांत ही चूक होती, पाचव्या पर्वात त्याचे सोंग घेताना हेस्टिंग्जने ती मुद्दाम उचलली होती, आणि आता बकल्सच्या जुन्या कागदपत्रांत तीच सापडली. आपल्याकडे ‘निश्चित’मधली दुसरी वेलांटी दीर्घ लिहिणारे हजारो सापडतील, तसे इंग्रजीत हा शब्द चुकवणारे पावलोपावली भेटतात. नऊ वर्षांच्या शोधाचा टेकू अशा धाग्यावर ठेवला, हे मला पटले नाही.

याच मालिकेने हे काम किती उत्तम करून दाखवले होते ते आठवा. डॉट भ्रष्ट आहे हे आपल्याला पहिल्या पर्वाच्या शेवटीच सांगून टाकले होते. त्यानंतर दोन पर्वे तो एसी-१२च्या माणसांच्या खांद्याला खांदा लावून वावरत होता, ते त्याच्यावर विश्वास टाकत होते, आणि आपण घरात बसून ‘अरे, याच्यापुढे बोलू नका’ म्हणत होतो. तिसऱ्या पर्वाच्या अखेरच्या चौकशीत टेबलाखाली फोनवर तो ‘तातडीने बाहेर काढा’ असा संदेश टाकतो, तेव्हाचा तो ताण मला आजही जसाच्या तसा आठवतो. तिथे धक्का देण्यासाठी काहीही लपवून ठेवलेले नव्हते. आपल्याला ठाऊक होते आणि त्यांना ठाऊक नव्हते, यातूनच सगळे नाट्य जन्मले होते. बकल्सच्या बाबतीत आपल्यालाही ठाऊक नव्हते, त्यांनाही नव्हते, आणि बऱ्याच अंशी लेखकालाही ते उशिरा ठरवावे लागले असावे, अशी शंका काल पहिल्यांदा माझ्या मनात आली.

आपणा सर्वांना काय वाटले ते अवश्य लिहा.

पैलतीर
३ मे २०२१

अक्षरशः सहमत. माझी आणखी एक तक्रार थरवेल या संशयित माजी पोलीस अधिकाऱ्याविषयी आहे. जेम्स नेस्बिटसारख्या नामवंत अभिनेत्याचे छायाचित्र दाखवून आठवडाभर सगळ्यांना कामाला लावले, आणि मग स्पेनमधल्या घरात त्याचा मृतदेह सापडला. तो माणूस जिवंत असा पडद्यावर एकदाही आला नाही. प्रेक्षकाला चकवा देणे हा या प्रकाराचा धर्मच आहे, पण चकवा कथेच्या आतून यायला हवा. इथे तो अभिनेत्याच्या प्रसिद्धीतून आला.

जुना_कारकून
४ मे २०२१

रातराणीताई, तुमचे लेखन मनापासून आवडले, परंतु निष्कर्षाशी मी सहमत होऊ शकत नाही. मी आयुष्याची चौतीस वर्षे एका सरकारी कार्यालयात काढली आहेत. कार्यालयाचे नाव घेण्याचे कारण नाही. पण तिथे मी जो भ्रष्टाचार जवळून पाहिला, त्याला कधीही बुद्धिमान चेहरा नव्हता.

आमच्याकडे एक साहेब होते. त्यांच्या टेबलावर फाइल गेली की ती तिथेच बसे. आम्ही सगळे म्हणायचो की साहेबांचा कामाचा उरक कमी आहे, स्वभावाने मवाळ आहेत, कटकट नको म्हणून निर्णय टाळतात. त्यांची बढती होत गेली, कारण त्यांचा कुणाला त्रास नव्हता. पुष्कळ वर्षांनी मला उमगले की ज्या फायली त्यांच्याकडे बसत, त्या बसण्यामुळे दर वेळी एकाच बाजूच्या लोकांचा फायदा होत असे. ज्या फायलीत त्या लोकांचे काम असे, ती मात्र दुपारच्या चहाच्या आत सही होऊन परत येई. फायलीच्या पाठीला बांधलेली नाडीसुद्धा सैल झालेली नसे, इतक्या लवकर. हे मी रोज स्वतःच्या हाताने आवक-जावक नोंदवहीत लिहीत होतो, आणि तरीही मला ते दिसत नव्हते.

म्हणून परवा काचेच्या खोलीत जेव्हा बकल्सला सांगितले गेले की इतकी वर्षे तुझ्या भ्रष्टाचाराला लोक तुझा नाकर्तेपणा समजत आले, तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो. माझ्या मते सहाही पर्वांतले ते सर्वांत खरे वाक्य आहे. तुम्ही म्हणता की एकाही मागच्या प्रसंगाचा अर्थ बदलला नाही. तुरुंगातला तो प्रसंग पुन्हा पाहा, जिथे लेकवेल वकिलाचा खून बकल्सच्या डोळ्यांदेखत होतो. त्या वेळी बकल्सची जी गाळण उडते, ती खोटी नाही. तो खरोखर घाबरलेला आहे, कारण तो टोळीचा धनी नाही, तिचा पगारी निरोप्या आहे, आणि निरोप्याचा जीव किती स्वस्त असतो हे तिथे त्याला दाखवले जाते आहे. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला तो निरपराध वाटला होता. आता तोच प्रसंग मला निराळा दिसतो.

स्पेलिंगच्या मुद्द्यावर मात्र तुमचे म्हणणे मान्य. पुरावा म्हणून ते फारच लंगडे आहे.

तिठा
४ मे २०२१

आकडेवारी आली आहे. परवाचा भाग त्याच रात्री सरासरी १ कोटी २८ लाख लोकांनी पाहिला. मला वाटते अपेक्षाभंगाचे एक कारण या आकड्यातच दडले आहे. पहिली तीन पर्वे बीबीसी टूवर होती तेव्हा ही मालिका निगुतीने पाहणाऱ्यांची होती. एकेका पर्वात एकेका माणसाची संपूर्ण शोकांतिका मांडली जाई. पहिल्या पर्वातला गेट्स किंवा दुसऱ्यातली लिंडसी डेंटन या संशयित अधिकाऱ्यांची आठवण काढली की ‘एच कोण’ हा प्रश्न आपल्या मनातही येत नाही. पुढे प्रेक्षक वाढले, आणि वर्तमानपत्रांपासून कार्यालयातल्या चहाच्या खोलीपर्यंत सगळीकडे ‘एच कोण’ हीच चर्चा सुरू झाली. लेखकाने त्या चर्चेला खतपाणी घातले, आणि शेवटी सांगितले की तुमचा प्रश्नच चुकीचा होता. असे सांगण्याचा त्याला अधिकार आहे, पण मग सात आठवडे तोच प्रश्न विचारायला लावायचा नव्हता.

तिसऱ्या पर्वातील लिंडसी डेंटनचा अंत आठवा. गाडीत डॉट तिच्यावर बंदूक रोखून आहे, आमिष दाखवतो आहे, आणि ती मरण्यापूर्वी पुरावा एसी-१२ला पाठवून देते. जिच्यावर कुणाचाच विश्वास उरला नव्हता, ती शेवटी प्रामाणिक ठरते. एका मोबाइलच्या पडद्यावर एवढे मोठे नाट्य घडले होते.

रातराणी
५ मे २०२१

कारकूनकाका, तुमचा प्रतिसाद मी काल रात्री दोनदा वाचला आणि घरात मोठ्याने वाचूनही दाखवला. आवक-जावक नोंदवहीची हकिगत मनातून जात नाही. लेकवेलच्या प्रसंगाविषयी तुम्ही जे लिहिले आहे ते मला मान्य करावेच लागेल; तिथे मी चुकले.

पण तुमच्याच हकिगतीचा आधार घेऊन मला पुढे विचारायचे आहे. तुम्ही त्या साहेबांविषयी आठ-दहा वाक्यांत सांगितलेत आणि आम्हाला तो माणूस कळला, कारण तुम्ही आम्हाला फाइल दाखवलीत, नाडी दाखवलीत, आणि दुपारच्या चहाची वेळही सांगितलीत. मालिकेने बकल्सची अशी एक तरी फाइल आपल्याला दाखवली होती का? या पर्वात त्याला पूर्वार्धातच अटक झाली, मग या पर्वातली संशयित अधिकारी जो डेव्हिडसन हिने त्याला अडकवल्याचे कळले आणि आपण त्याला मनातून निर्दोष सोडून दिले. सामान्य माणसाचा भ्रष्टाचार हा विषय घ्यायचा असेल तर त्या सामान्यपणाकडे निरखून पाहावे लागते. इथे सगळा वेळ गोळीबारात, पाठलागात आणि जो डेव्हिडसनचा बाप कोण या गुंत्यात गेला, आणि विषय मात्र शेवटच्या वीस मिनिटांत सांगून टाकला.

शांभवी
६ मे २०२१

मी थोडी वेगळी बाजू मांडते. माझ्या मते शेवटच्या भागाचा खरा शेवट बकल्सच्या चौकशीत नाही. तो त्यानंतर हेस्टिंग्ज आणि त्याची वरिष्ठ अधिकारी कार्मायकल यांच्यात जे घडते त्यात आहे. निवृत्तीच्या उंबरठ्यावर उभा असलेला हेस्टिंग्ज तिच्यासमोर स्वतःहून कबूल करतो की जॉन कॉर्बेट हा वेश बदलून टोळीत शिरलेला पोलीस आहे याचा सुगावा टोळीला त्याच्यामुळेच लागला, आणि त्यातूनच कॉर्बेटचा जीव गेला. ज्या माणसाने सहा पर्वे दुसऱ्यांना सचोटीचे पाठ दिले, त्याच्या हातालाही रक्त लागलेले आहे. एड्रियन डनबारने हा प्रसंग आवाज न चढवता केला आहे. कार्मायकलचाही चेहरा क्षणभर उतरतो, आणि अॅना मॅक्सवेल मार्टिनच्या त्या थंड, रेखीव भूमिकेत असा क्षण दुर्मीळ आहे.

दुर्दैव असे की हा प्रसंग चौथ्या माणसाच्या सावलीत झाकोळला गेला. आमच्या घरात तोवर सगळे फोनवर संदेश टाकण्यात गुंतले होते. बकल्सचा उलगडा एक भाग आधी झाला असता, आणि शेवटचा संपूर्ण तास हेस्टिंग्जला दिला असता, तर आज आपण वेगळ्याच धाग्यावर बोलत असतो.

त्यानंतर काळ्या पडद्यावर ओळी येतात आणि एसी-१२ची ताकद पूर्वी कधीही नव्हती इतकी खच्ची झाल्याचे आपल्याला वाचायला मिळते. इतकी मोठी गोष्ट पडद्यावर घडताना दिसायला हवी होती. ती वाचायला लावणे हे मला लेखकाने हात आखडता घेतल्यासारखे वाटले. मर्क्युरिओ यांनी नंतर सांगितले आहे की असा शेवट जोखमीचा आहे याची त्यांना कल्पना होती, आणि एसी-१२ जे करते तसेच प्रत्यक्षात घडते असा देखावा त्यांना करायचा नव्हता. हेतूविषयी माझ्या मनात शंका नाही.

पैलतीर
६ मे २०२१

शांभवी, हेस्टिंग्जविषयी पूर्ण अनुमोदन. तो प्रसंग मी आज पुन्हा पाहिला.

जुना_कारकून
१६ जून २०२१

धागा वर काढतो आहे, त्याला कारणही तसेच आहे. डॅनियल मॉर्गन खून प्रकरणाच्या स्वतंत्र समितीचा अहवाल काल प्रसिद्ध झाला. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: मॉर्गन हे लंडनमधील खासगी गुप्तहेर होते. १० मार्च १९८७ रोजी आग्नेय लंडनमधील एका पबच्या गाडीतळावर त्यांचा कुऱ्हाडीने खून झाला. अनेकदा तपास झाले, पण आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही. २०१३ साली समिती नेमली गेली, आणि आठ वर्षांनी तिने लंडनच्या पोलीस दलावर संस्थात्मक भ्रष्टाचाराचा ठपका ठेवला आहे. हा शब्द समितीने कोणत्या अर्थाने वापरला आहे ते पाहण्यासारखे आहे. केवळ लाच घेणारे अधिकारी तिला अभिप्रेत नाहीत. संस्थेची अब्रू राखण्यासाठी आपल्या चुका झाकणे आणि नाकारणे, हाही संस्थेने केलेला भ्रष्टाचारच आहे, असे ती म्हणते.

सहाव्या पर्वातील लॉरेन्स ख्रिस्तोफर या मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय तरुणाचे नाव ऐकताच इथल्या लोकांना १९९३ साली खून झालेला स्टीफन लॉरेन्स आणि १९९८ साली हल शहरातील पोलीस ठाण्यात मरण पावलेला ख्रिस्तोफर अल्डर हे दोघेही कृष्णवर्णीय आठवले असणार. मर्क्युरिओ यांनी ते नाव हवेतून आणलेले नाही. कालचा अहवाल वाचताना मला वाटले की शेवटच्या भागात पोलीस दलाचा मुख्य अधिकारी ऑझबर्न सहीसलामत सुटतो, कार्मायकल सगळे प्रकरण शांतपणे मिटवून टाकते, यालाच ते शेवट म्हणत होते. आपण सगळे बकल्सकडे पाहात बसलो.

रातराणी
१७ जून २०२१

कारकूनकाका, धागा वर काढल्याबद्दल मनापासून आभार. अहवालाची बातमी मीही वाचली, आणि काल रात्री पहिले पर्व पुन्हा लावून बसले. बकल्सवर नजर ठेवूनच पाहिले. गेट्सची प्रेयसी जॅकी लॅव्हर्टी हिच्या खुनाचा तपास गेट्सकडून काढून त्याच्याकडे दिला जातो. त्याच्या वागण्यात मला काही सापडते का ते पाहात होते, आणि खरे सांगायचे तर काहीच सापडले नाही. तो तेव्हाही डोक्याला ताप नको असलेला एक माणूस होता.

मग तुमचे साहेब आठवले, आणि बकल्सऐवजी त्याच्या वरच्या माणसांकडे पाहायला लागले. त्या पर्वात वरिष्ठाच्या खुर्चीत हिल्टन आहे, म्हणजे त्या चौघांपैकीच एक. हा दुवा दहा वर्षांपूर्वीच्या चित्रीकरणात तयार पडलेला होता. शेवटच्या चौकशीत केटने बकल्सच्या बढत्यांचे कागद एकेक करून टेबलावर ठेवले असते, प्रत्येकाखालची सही वाचून दाखवली असती, आणि शेवटचा कागद काचेपलीकडे उभ्या असलेल्या माणसांपर्यंत पोचला असता, तर ‘चौथा माणूस’ हा प्रश्न का चुकीचा होता हे आपल्याला कुणी सांगावेही लागले नसते. त्या बढत्या प्रत्यक्षात एखाददुसऱ्या वाक्यात उरकल्या आहेत, आणि माझे दुःख तिथेच आहे.

चौथ्या पर्वातही संशयित अधिकारी रोझ हंटली हिच्याकडचा तपास बकल्सकडे येतो, असे आठवते. रविवारी ते लावणार आहे. या वेळी तपास कोण काढून घेतो आणि कोणाच्या शब्दावर, एवढेच वहीत टिपून ठेवीन आणि इथे लिहीन.